नॅनोकण पेशीत “आरपार” जातात का? भित्तिपत्रकातल्या एका वाक्यावरून

सांजवात (धागाकर्ती)

नमस्कार. मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवते. वर्गातले शिकवणे इंग्रजीतून होत असले, तरी विज्ञान मंडळाचे भित्तिपत्रक आम्ही हट्टाने मराठीतूनच काढतो. यंदाच्या अंकासाठी बारावीच्या एका मुलीने नॅनोकणांवर लेख दिला असून त्यात असे वाक्य आहे : “नॅनोकण इतके सूक्ष्म असतात की ते पेशीच्या पटलातून सहज आरपार जातात.” मी या वाक्याखाली लाल रेघ ओढली खरी, परंतु त्याच्या जागी काय लिहावे हे मला दोन ओळींत सांगता येईना. त्यावर तिने विचारले, “मग बाई, कोविडच्या आरएनए लशीतले मेदाचे गोळे आत कसे गेले?” प्रश्न रास्त आहे. एंडोसायटोसिस हा शब्द मला ठाऊक आहे आणि तो मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पण अमुक कण आत घ्यायचा आणि तमुक नाही, हे पेशीपटल कशावरून ठरवते, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

खाजनबांध

बाई, मी या विषयातला नाही, स्थापत्य अभियंता आहे. परंतु “लहान म्हणून आरपार” हा तर्क निव्वळ मापांवरही टिकत नाही, एवढे सांगू शकतो. पेशीपटलाचा मूळ मेदाचा दुहेरी थर साधारण 4 ते 5 नॅनोमीटर जाडीचा असतो, आणि नॅनोकण म्हणजे 1 ते 100 नॅनोमीटर. खाडीकाठच्या आमच्या खाजन शेताचा बांध मीटरभर जाडीचा आहे असे धरले, तर त्याच प्रमाणात 50 नॅनोमीटरचा कण म्हणजे दहा मीटर व्यासाचा गोळा होतो. दुमजली घराहून उंच असा हा गोळा मीटरभर बांधातून “सहज आरपार” गेला, तर मागे बांध म्हणून काही उरेल का?

उलट बाजूने पाहा. सोडियमचा आयन एका नॅनोमीटरहूनही पुष्कळ लहान असतो, तरीही त्याला मेदाच्या थरातून स्वतःहून जाता येत नाही. त्याच्यासाठी प्रथिनांच्या वेगळ्या वाटा असतात. खाडीचे पाणी जसे बांधातून न येता मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारातून येते, तसेच हे आहे. म्हणजे आकार लहान असणे हे प्रवेशाचे कारण होऊच शकत नाही.

मास्तर_भौतिकीचे

खाजनबांध यांचे गणित मला आवडले, पण त्यांच्या उपमेत एक गोम आहे. बांध मातीचा असतो आणि पेशीपटल हे द्रव असते. 1972 साली सिंगर आणि निकोल्सन यांनी मांडलेले द्रव-मोझेक प्रारूप आपण सगळे शिकलो आहोत, पण त्यातला “द्रव” हा शब्द परीक्षेनंतर विसरून जातो. पटलातले मेदरेणू आपल्या थरात सतत सरकत असतात. त्यामुळे पटलाला न फाटता वाकता येते, एखाद्या कणाभोवती लपेटता येते आणि शेवटी मान आवळून एक बंद पिशवी आत सोडता येते. एंडोसायटोसिस म्हणजे यांत्रिक अर्थाने हेच.

आता बाईंचा खरा प्रश्न, की कोणाला घ्यायचे हे ठरते कशावरून. याचे मोठे उत्तर ऊर्जेच्या जमाखर्चात आहे. पटलाला वाकवायला ऊर्जा लागते. उष्णतेमुळे रेणूंची जी अखंड थरथर चालू असते, तिच्या ऊर्जेचे एकक धरले तर पटलाचा वाकण-ताठरपणा साधारण 20 एकके भरतो, आणि गोल कणाला पूर्ण लपेटण्याचा खर्च 8 गुणिले पाय (π) गुणिले 20, म्हणजे सुमारे 500 एकके होतो. गंमत अशी की या सूत्रात कणाची त्रिज्या येतच नाही. कण 10 नॅनोमीटरचा असो की 50 नॅनोमीटरचा, लपेटण्याचा खर्च तेवढाच. जमेची बाजू मात्र पृष्ठभागावर अवलंबून असते, कारण पटल कणाला जितक्या क्षेत्रावर चिकटेल तितकी ऊर्जा सुटते. त्रिज्या 5 पट झाली की क्षेत्र 25 पट होते. म्हणून 50 नॅनोमीटर व्यासाच्या कणाला दर चौरस नॅनोमीटरमागे जेवढे चिकटून भागते, त्याच्या 25 पट घट्ट 10 नॅनोमीटरच्या कणाला चिकटावे लागते. बहुतेक कणांना ते परवडत नाही. अगदी लहान कण पृष्ठभागावर नुसते टेकून राहतात, किंवा घोळक्याने एकत्र येऊन एकाच पिशवीतून आत जातात.

आपल्याकडची पातोळी डोळ्यांसमोर आणा. पुरेसे चून (गूळ-खोबऱ्याचे सारण) असेल तर हळदीचे पान त्यावर सहज दुमडते. तेच पान वाटाण्याएवढ्या चुनाभोवती चहूबाजूंनी बसवायला गेलात, तर शिरेवर चिरते.

सांजवात

मास्तर, हे सूत्र मी प्रथमच पाहिले. जीवशास्त्राच्या पुस्तकात ते नसते. पण मग मोठा कण नेहमीच फायद्यात राहायला हवा. 200 किंवा 500 नॅनोमीटरचे कण अधिक सहज आत का जात नाहीत?

मास्तर_भौतिकीचे

कारण चिकटणे फुकट होत नसते. पटलावरचे ग्राही रेणू कणाला धरतात, आणि ते मर्यादित असतात. कण मोठा असेल तर आजूबाजूचे ग्राही सरकत सरकत तिथवर येईपर्यंत वेळ जातो, शेवटी ते अपुरे पडतात आणि लपेटणे अर्धवट थांबते. खालची हद्द वाकण्याच्या खर्चाने आणि वरची हद्द ग्राहींच्या तुटवड्याने ठरते, तेव्हा मधे कुठेतरी सोयीचे माप निघायलाच हवे. कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठातील गटाने 2006 साली हेला या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोग-पेशींना 14 ते 100 नॅनोमीटरचे सोन्याचे कण देऊन पाहिले, तेव्हा 50 नॅनोमीटरचे कण सर्वाधिक आत गेलेले आढळले. अर्धा मायक्रोमीटर आणि त्याहून मोठ्या मालासाठी भक्षणाची वेगळी यंत्रणा असते, पण ती मुख्यतः भक्षक पेशींकडे.

सुवर्णद्राव

धागा योग्य वळणावर आहे, म्हणून लिहितो. सोन्याच्या नॅनोकणांवर काही वर्षे काम केले आहे. मास्तरांचे गणित बरोबर आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे पेशीला भेटणारा कण हा आपण बाटलीत तयार केलेलाच कण असतो. तसे जवळजवळ कधीच नसते.

प्रत्यक्ष पाहिलेले सांगतो. सायट्रेट वापरून केलेल्या सोन्याच्या कणांचे पाणी लाल असते, कोकमाच्या आगळात भरपूर पाणी घातल्यावर येतो तसा तो रंग. हे पाणी मी प्रथमच पेशी वाढवण्याच्या माध्यमात ओतले आणि काही मिनिटांत ते जांभळे, मग निळसर झाले. माध्यमातल्या क्षारांनी कणांवरचा ऋण प्रभार झाकून टाकला होता, एकमेकांना दूर ठेवणारे बळ संपले होते आणि कणांच्या गुठळ्या झाल्या होत्या. म्हणजे वहीत मी “15 नॅनोमीटर” लिहीत होतो आणि पेशींच्या अंगावर पडत होते शेकडो नॅनोमीटरचे ढेकूळ. पुढच्या वेळी माध्यमात आधी रक्तद्रवातली प्रथिने मिसळली, आणि रंग लालच राहिला. प्रथिनांनी प्रत्येक कणाला झटकन वेढले होते.

या वेढ्याला 2007 च्या सुमारास “प्रोटीन कोरोना” हे नाव रूढ झाले. मी मराठीत त्याला प्रथिनांची प्रभावळ म्हणतो. देवाच्या मूर्तीमागे असते ती प्रभावळ, फक्त इथे ती चहूबाजूंनी असते आणि दर्शनाला येणाऱ्याला आतली मूर्ती दिसतच नाही. (कोरोना या शब्दाचे पुढे जे झाले, त्यानंतर तर हाच शब्द बरा.) पहिल्या काही क्षणांत अल्ब्युमिनसारखी मुबलक प्रथिने कणावर बसतात, आणि नंतर संख्येने कमी पण घट्ट धरणारी प्रथिने त्यांना बाजूला सारून जागा घेतात. पेशीचे ग्राही या बाहेरच्या वेढ्याशी बोलतात. त्यामुळे प्रथिने नसलेल्या माध्यमात उघडा कण पटलाला अधिक घट्ट चिकटतो, अधिक आत जातो आणि पटलाला अधिक इजाही करतो. तोच कण रक्तात सोडला तर निराळाच वागतो. “हा कण पेशीत शिरतो” असे विधान कुठे वाचले, तर आधी माध्यमात प्रथिने होती का ते पाहावे, अशी मला सवय लागली आहे.

आता माझी फजिती. चमकणारा रंग भरलेले पॉलिस्टायरीनचे मणी पेशीत किती गेले हे मी सूक्ष्मदर्शकाखाली मोजत होतो, आणि पेशीद्रव्यभर सारखा पसरलेला प्रकाश पाहून कण पटलातून थेट आत गेले असे मी सहा महिने मानत होतो. खरे म्हणजे मण्यांतून रंग गळत होता. तो रंग मेदात विरघळणारा लहान रेणू. त्याला पटल अडवत नाही. तो एकटाच आत जात होता आणि मणी पिशव्यांत अडकलेले होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर हे कळले. “आरपार” गेल्याच्या कित्येक जुन्या दाव्यांकडे मी तेव्हापासून संशयानेच पाहतो.

पिंपळपार

वाचत आहे. प्रभावळ हा शब्द उत्तम; उचलून ठेवला आहे.

खाजनबांध

सुवर्णद्राव, एक शंका. कण बाहेर किती चिकटले आणि आत किती गेले हे वेगळे कसे काढतात? आणि दुसरे, आमच्या बांधाला कुर्ल्या बिळे पाडतात व भरतीला तिथूनच खिंडार पडते. पेशीपटलाला अशी बिळे पाडणारे कण नसतातच का?

सुवर्णद्राव

पहिल्या शंकेचे रूढ उत्तर म्हणजे थंडी. 4 अंश सेल्सिअसला पेशीची ऊर्जा खर्च करणारी कामे जवळजवळ थांबतात, एंडोसायटोसिसही थांबते. 37 अंशांना जे दिसले त्यातून 4 अंशांना दिसलेले वजा केले की आत गेलेले उरते, असा हिशेब. हा हिशेब मला पुरता पटत नाही, कारण थंडीत मेदाचा थरही घट्ट होतो आणि थेट घुसू पाहणाऱ्या कणालाही त्यामुळे अडथळा होतो. त्यापेक्षा तांबड्या रक्तपेशी हा चांगला निकष आहे. माणसाच्या परिपक्व तांबड्या पेशीला केंद्रक नसते आणि ती एंडोसायटोसिसही करत नाही. तिच्या आत कण सापडला तर तो दुसऱ्या वाटेने आला असे म्हणता येते. अशी थोडी उदाहरणे खरोखर नोंदली गेली आहेत, म्हणून “कधीच नाही” असे मी म्हणणार नाही.

आणखी एक फसवणूक गुरुत्वाकर्षणाची. पेशी बशीच्या तळाशी असतात आणि जड कण त्यांच्यावर गाळासारखे बसतात. अमेरिकेतल्या सेंट लुईस येथील गटाने 2011 साली पेशी उलट्या टांगून, म्हणजे द्रावणाच्या वरच्या बाजूला ठेवून, हाच प्रयोग केला, तेव्हा लवकर खाली बसणाऱ्या मोठ्या सोन्याच्या कणांचे आत जाणे पुष्कळ कमी भरले.

बिळांविषयी : होय, पाडतात. धन प्रभाराचे कण यात पुढे असतात. पेशीच्या बाहेरील अंगाला शर्करेच्या साखळ्यांमुळे ऋण प्रभार असतो, त्यामुळे धन कण तिथे ओढले जातात आणि प्रभार दाट असेल तर मेदाचा थर विस्कटतो. पामाम नावाच्या फांद्याफांद्यांच्या बहुवारिकांनी (पॉलिमरांनी) प्रयोगशाळेतल्या मेदथरात 15 ते 40 नॅनोमीटरची भोके पाडल्याचे अणुबल सूक्ष्मदर्शकाने दाखवले आहे. जिवाणूंच्या पटलात ऋण प्रभाराचे मेद आपल्या पेशींच्या बाह्य थरापेक्षा बरेच अधिक असतात. धन प्रभाराचे जंतुनाशक कण जिवाणूंना आधी मारतात, ते या फरकामुळे.

सिलिकाची गोष्ट त्याहून शिकवणारी आहे. ती तांबड्या पेशी फोडते, पण तिचा विखार पृष्ठभागावरच्या सिलॅनॉल गटांच्या (सिलिकॉनला जोडलेल्या OH गटांच्या) मांडणीवर ठरतो. दगड नुकताच फुटला असेल तर तो पृष्ठभाग अधिक घातक. तीच पूड तापवून तिच्यावरचे गट बदलले की घातकपणा बदलतो. माप तेच, रासायनिक मूळ तेच, वागणे वेगळे.

सांजवात

आता मुलीच्या प्रश्नाकडे येऊ या. लशीतला गोळा पिशवीतून आत गेला असे मानले, तरी पिशवीत बसून त्याचा काय उपयोग? प्रथिने तयार करणारी रायबोसोम तर पेशीद्रव्यात असतात.

कुपीवाला

बाई, मी वेर्णा येथील औद्योगिक वसाहतीत औषधनिर्मितीत काम करतो, म्हणून हा भाग मी घेतो. तुम्ही नेमके दुखरे ठिकाण धरले आहे.

पिशवीत आलेला कण पेशीच्या आत असला तरी एका अर्थी अजून बाहेरच असतो, कारण त्याच्या आणि पेशीद्रव्याच्या मधे पटलाचाच थर उभा असतो. आपल्या जुन्या घरांच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, बसलेला पाहुणा जसा रस्त्यावरही नसतो आणि घरातही नसतो, तसे. शिवाय या बाल्कांवात फार वेळ बसणे धोक्याचे आहे. पिशवी हळूहळू आम्लधर्मी होते, शेवटी लयकारिकेला, म्हणजे पेशीच्या पचनपिशवीला, मिळते आणि तिथले विकर आलेल्या मालाचे तुकडे करतात.

लशीतले मेदगोळे साधारण 80 ते 100 नॅनोमीटरचे असतात. त्यांतला कळीचा घटक म्हणजे आयननक्षम मेद. रक्ताच्या 7.4 सामूला (pH) त्याच्यावर जवळजवळ प्रभार नसतो, म्हणून वर सांगितलेली बिळे पाडण्याची खोड तो बाहेर दाखवत नाही. पिशवीतला सामू 6 च्या खाली उतरू लागला की त्याच्यावर धन प्रभार येतो, तो पिशवीच्या पटलातल्या ऋण मेदांशी जुळतो, आणि या जोडीचा आकार असा असतो की सपाट थर टिकत नाही. थर उलगडतो आणि आतला आरएनए पेशीद्रव्यात उतरतो. म्हणजे बीळ पाडायचेच आहे, पण बाहेरच्या भिंतीला न पाडता आतल्या पिशवीला पाडायचे आहे. सारी हुशारी या वेळ साधण्यात आहे.

आणि एवढे करूनही हाती किती लागते? यकृताच्या पेशींत छोटे आरएनए पोहोचवणाऱ्या अशाच मेदकणांची मोजणी 2013 साली प्रसिद्ध झाली, तीत पिशव्यांतून सुटून पेशीद्रव्यात पोहोचणारा वाटा 1 ते 2 टक्केच निघाला. बाकीचा माल वाया. तरीही 2018 साली पॅटिसिरान हे औषध याच मार्गाने मान्यतेपर्यंत पोहोचले. सुवर्णद्राव ज्या प्रभावळीला कटकट मानत आहेत, ती या औषधात कामाला लागते : रक्तातले अपोलिपोप्रोटीन ई हे प्रथिन कणावर बसते, आणि यकृताच्या पेशी ते ओळखून कण आत ओढतात.

सुवर्णद्राव

कटकट म्हटले नव्हते, पण म्हणायला हरकत नाही. बाल्कांव उत्तम.

तिसऱ्या

मी विज्ञानातली नाही; आमच्या घरचा व्यवसाय खाडीतल्या शिंपल्यांचा आहे. वरचे सगळे वाचून मनात आले ते विचारते. सनस्क्रीनमधून, कपड्यांमधून हे कण पाण्यात येतात असे म्हणतात. शिनाणे आणि तिसऱ्या दिवसभर पाणी गाळत असतात. त्यांच्या पेशींचे काय होते?

सुवर्णद्राव

ताई, प्रश्न अगदी विषयातला आहे. मोठा शिनाणा तासाला लिटरभर किंवा त्याहून अधिक पाणी गाळतो, म्हणून सागरी अभ्यासांत हेच जीव बहुतेकदा निवडले जातात. पण माझ्या निळ्या झालेल्या बाटलीची आठवण ठेवा. समुद्राच्या पाण्यात किलोला सुमारे 35 ग्रॅम मीठ असते, तिथे उघडे कण लगेच गुठळ्या होऊन तळाला जातात. मांडवी किंवा जुवारीत मे महिन्यात आणि जुलै महिन्यात क्षारता इतकी वेगळी असते की तोच कण दोन ऋतूंत दोन निरनिराळ्या रूपांत शिंपल्यापुढे येतो. त्यातच पाण्यात कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेले सेंद्रिय रेणू असतात, ते कणावर आपली प्रभावळ चढवतात आणि त्याला तरंगतही ठेवतात. शिंपले गुठळ्याही गाळून घेतात. मग पचनग्रंथीच्या पेशी त्यांना पिशवीत भरून आत नेतात.

पुढचे धातूवर अवलंबून आहे. सोने तिथे नुसते पडून राहते. झिंक ऑक्साइड लयकारिकेच्या आम्लात विरघळते आणि झिंकचे आयन मोकळे होतात. म्हणजे एरवी पटलाच्या दारावर मोजून आत घेतला जाणारा आयन थेट आतल्या खोलीत ओतला जातो. चांदीचेही थोडेफार असेच, मात्र ती पाण्यातच बरीच विरघळते. आपल्या तांबड्या मातीतून पावसाळ्यात वाहून येणारे लोह-ऑक्साइडचे सूक्ष्म कणही याच मापाचे असतात, तेव्हा शिंपल्यांना नॅनोकण हा प्रकार नवा नाही. नवे आहेत ते विरघळणारे धातू.

तिसऱ्या

देव बरें करूं. आणि आपण अंगाला लावतो त्याचे?

कुपीवाला

धडधाकट त्वचेच्या बाहेरचा थर मृत, चपट्या पेशींचा असतो आणि त्यांच्यात लपेटण्याची ही यंत्रणा चालत नाही. टायटॅनियम आणि झिंकचे कण बहुतांशी तिथेच राहतात. श्वासावाटे फुप्फुसात जाणारी फवारणी हा वेगळा विषय, कारण तिथल्या पेशी जिवंत असतात आणि भक्षक पेशी पहाऱ्यावर असतात.

सांजवात

सर्वांचे मनापासून आभार. त्या मुलीला धाग्यातले मुद्दे दाखवले आणि तिने स्वतःच वाक्य बदलले. आता भित्तिपत्रकावर असे आहे : “बहुतेक नॅनोकण पेशीपटलातून आरपार जात नाहीत, पटल त्यांना लपेटून पिशवीत आत घेते, आणि ते लपेटेल की नाही हे कणाचे माप, त्याचा प्रभार व त्याच्यावर बसलेली प्रथिने यांवर ठरते.” “सहज” हा शब्द तिने आपण होऊन काढला.

लेखासोबत एक प्रात्यक्षिक हवे होते, म्हणून तारेच्या कड्यावर साबणाचा पडदा धरून त्यात कोरडी काडी घातली, पडदा फुटला. काडी साबणाच्याच पाण्यात बुडवून घातली, तेव्हा पडद्याने तिला कडेने धरले, ती आत गेली, बाहेर आली, आणि पडदा शाबूत राहिला. पृष्ठभागाचे महत्त्व वर्गाला विनासायास कळले. मात्र मागच्या बाकावरच्या मुलाने लगेच विचारले की साबणाच्या पडद्यात मेदाळ शेपट्या बाहेर हवेकडे असतात आणि पाणी मधे असते, पेशीपटलात तर शेपट्या मधे आणि पाणी बाहेर. मग ही तुलना चालते का?

मास्तर_भौतिकीचे

मांडणी उलटी आहे हे मान्य करून चालते. दोन्ही पडदे द्रव आहेत आणि दोन्ही फाटण्याऐवजी वस्तूला कडेने धरू शकतात, इतपतच ती तुलना आहे. लपेटून पिशवी करण्याचे काम साबणाचा सपाट पडदा या प्रयोगात करत नाही, हे त्या मुलाला जरूर सांगा. आणि पुढच्या तासाला ओल्या काडीवर आधी तेलाचा थेंब लावून पाहायला सांगा.